उद्धरणांचा काटा आणि कोयत्याचा हिशेब

अंबड तालुक्यात अंकुशनगरला गळिताचा हंगाम सुरू झाला, की समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर चढते, वजन होते, पावती फाटते. उसाचे मोल टनावर, तोडणीची मजुरीही टनावर. हा व्यवहार सर्वांच्या डोळ्यांसमोर चालतो. पण त्यातली एक गोष्ट समोर असूनही दिसत नाही. टोळीची मोजदाद माणसांवर होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. ऊस तोडणारी माणसे दोन, मोळ्या वाहणारी डोकी दोन, आणि मुकादमाच्या वहीत नाव एक. हे एका कारखान्याचे किंवा एका तालुक्याचे वैशिष्ट्य नव्हे. महाराष्ट्रातली ऊसतोडणी याच हिशेबाने चालत आली आहे. काटा वजन बरोबर दाखवील, पण ते वजन कोणाच्या नावावर चढवायचे, हे काटा ठरवीत नाही.

हे आठवण्याचे कारण असे. आमचा एक विद्यार्थी, आईबाप टोळीवर जाणारे, पदार्थविज्ञानात पीएच.डी. झाला. एका संस्थेत मुलाखतीला गेला. समितीतल्या एका सदस्याने अर्जाची पाने चाळली आणि विचारले, "तुमचा एच-इंडेक्स किती?" याने आकडा सांगितला. "एवढाच?" पुढचे प्रश्न झाले नाहीत. परत आल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हा आकडा म्हणजे मीच का?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आपल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना हा प्रश्न आता वारंवार ऐकावा लागतो, म्हणून ते उत्तर उशिरा का होईना येथे मांडतो आहे.

प्रथम हा आकडा कसा बनतो ते पाहू. शास्त्रज्ञ आपले संशोधन निबंधरूपाने प्रसिद्ध करतो. निबंधाच्या शेवटी ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांची यादी देतो. या यादीतला प्रत्येक उल्लेख म्हणजे एक उद्धरण. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात या उल्लेखांची उलटी सूची बनवली. एखाद्या निबंधाने कोणाचा आधार घेतला हे निबंधातच दिसते. त्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, हे या सूचीमुळे दिसू लागले. सूची मुळात संशोधकाला वाट सापडावी म्हणून होती. माणसाचे मोल ठरवण्यासाठी ती नंतर वापरली जाऊ लागली.

कणभौतिकीत, म्हणजे पदार्थाच्या मूलकणांच्या शास्त्रात, ही मोजणी फार लवकर रुजली. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्रात १९७४ पासून या विषयातील निबंधांची संगणकावर नोंद ठेवली जात होती. त्या नोंदीत निबंधांचे वर्ग पाडलेले असत. पाचशेच्या वर उद्धरणे म्हणजे 'ख्यातकीर्त', अडीचशेच्या वर 'प्रसिद्ध', असे उतरत उतरत शेवटी शून्य उद्धरणे असलेला निबंध 'अज्ञात'. वर्णवाचक शब्दांची ही उतरंड वाचताना आपल्या वाचकाला काही आठवले, तर त्यात त्याचा दोष नाही.

मग २००५ साली कॅलिफोर्नियातील जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने एच-निर्देशांक सुचवला. हिशेब साधा आहे. निबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा एकाच्या पाच निबंधांना ४०, २५, ९, ५ आणि ३ उद्धरणे आहेत. चौथ्या निबंधाला निदान चार आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० उद्धरणे मिळाली तरी निर्देशांक चारच राहतो. आयुष्यात एकच मोठी गोष्ट करणाऱ्याला हा काटा ओळखत नाही, आणि थोडे थोडे पण सतत लिहिणाऱ्याला तो वर नेतो. वय वाढले की तो वाढतो, कधी कमी होत नाही. एवढे कळले तरी मुलाखतीतल्या त्या "एवढाच?" ची धार अर्धी बोथट होते.

पण हा आकडा सर्वस्वी खोटा आहे असे म्हणून हात झटकणाऱ्यांपैकी मी नाही. उद्धरणामागे खरे काम असते, आणि ते समजून घेतल्याशिवाय टीका करणे हा आळस आहे. म्हणून एका मराठी कणभौतिकीविदुषीचे उदाहरण घेतो.

डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ चा, पुण्याचा. हुजूरपागा शाळा, सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आयआयटी, १९७९ साली अमेरिकेत स्टोनी ब्रुकच्या विद्यापीठातून पीएच.डी. पुण्याच्या शिक्षित पांढरपेशा जगातला हा रस्ता आहे. त्यावर बाई म्हणून त्यांना ज्या अडचणी आल्या त्या त्यांच्या, आणि त्या रस्त्यावर पाऊलच न ठेवू शकलेल्यांच्या अडचणी वेगळ्या. परत आल्यावर त्या तीन वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या, आणि १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात अध्यापक. नंतर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. २०१९ साली पद्मश्री. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर दीडशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

त्यातल्या ज्या कामाला त्यांचे नाव चिकटले ते १९९१ चे, म्हणजे विद्यापीठात तास घेत असतानाचे आहे. मॅन्युएल ड्रीस या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी एक प्रश्न विचारला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवणारी प्रचंड यंत्रे तेव्हा आखली जात होती. प्रोटॉनच्या टकरीत खूप केरकचरा उडतो. इलेक्ट्रॉनची टक्कर स्वच्छ, अशी समजूत होती. पण कणांचे दाट पुंजके एकमेकांतून जाताना एकमेकांच्या क्षेत्रात वाकतात, आणि वाकताना प्रकाशाचे कण, फोटॉन, बाहेर टाकतात. फार ऊर्जा असलेला फोटॉन निव्वळ प्रकाश राहत नाही. क्षणभर तो क्वार्क आणि ग्लुऑन यांचा पुंजका बनतो. असे दोन फोटॉन आदळले की प्रोटॉनसारखाच कचरा उडतो. म्हणजे स्वच्छ म्हटलेल्या यंत्रातही पाचट येणार, आणि किती येणार याचा हिशेब यंत्र बांधण्याआधी केला पाहिजे. ऊस काट्यावर घेताना पाचटाची वजावट करावी लागते, तसेच हे. तेव्हापासून अशा यंत्रांचा आराखडा करणाऱ्यांना या गणिताकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ही उद्धरणे कष्टाची आहेत, यात शंका नाही. पण ती मिळण्यासाठी काय काय हाताशी असावे लागले, तेही पाहा. १९९१ पूर्वी कणभौतिकीचे ताजे काम छापील नियतकालिकात येण्याआधीच टंकलिखित प्रतींच्या रूपाने टपालाने फिरत असे. ज्या संस्थेचे नाव टपालयादीत असे, तिला ते महिन्यांपूर्वी कळे. ज्याचे नाव यादीत नाही, तो आधीच सुटलेला प्रश्न सोडवत बसे. गोडबोल्यांपाशी प्रज्ञा होती; शिवाय परदेशातले सहकारी, बैठकांची निमंत्रणे आणि मुंबईसारखे शहर होते. प्रज्ञा सर्व वस्त्यांत जन्मते. टपालयादी जन्मत नाही, ती कोणीतरी बनवतो.

त्यांच्या निबंधांवर दोन, तीन, चार नावे असतात, कारण त्या सैद्धांतिक काम करणाऱ्या. प्रायोगिक कणभौतिकीत चित्र निराळे आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१२ साली हिग्ज कण सापडल्याचे जाहीर झाले. त्या कणाच्या वस्तुमानासंबंधी तिथल्या दोन प्रयोगगटांनी २०१५ साली मिळून जो निबंध लिहिला, त्याचे लेखक ५,१५४. पाने ३३, त्यांपैकी २४ पाने नुसती नावे आणि संस्था यांची. नावे वर्णानुक्रमे. या पाच हजारांत कोणी शोधकयंत्राची तार जोडली, कोणी संगणकाचा कार्यक्रम लिहिला, कोणी रात्रपाळी केली, कोणी मूळ कल्पना दिली. सर्वांना उद्धरण सारखेच. एका दृष्टीने हे मला आवडते. यंत्र जोडणाऱ्याचे नाव विचार करणाऱ्याच्या पंगतीला बसते, हे आपल्या समाजात घडलेले नाही. पण या पंगतीत कोण बसणार हे संस्थेच्या दारातच ठरते. दाराच्या आत असलेल्याला एका वर्षात जेवढी उद्धरणे मिळतील, तेवढी बाहेरच्याला जन्मात मिळणार नाहीत.

याचा परिणाम विद्यापीठांच्या क्रमवारीतही दिसला. २०१३ साली लंडनच्या टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीत चंदीगडचे पंजाब विद्यापीठ भारतात पहिले आले. सर्वांना नवल वाटले. कारण शोधता असे दिसले की तिथले पदार्थविज्ञानाचे अध्यापक सर्नच्या प्रयोगात सहभागी होते आणि त्या निबंधांच्या उद्धरणांनी सारे विद्यापीठ वर उचलले गेले होते. दोन वर्षांनी यादीवाल्यांनी १,००० हून अधिक लेखकांचे निबंध हिशेबातून वगळले, आणि विद्यापीठ खाली आले. दोन्ही वर्षी अध्यापक तेच, विद्यार्थी तेच, प्रयोगशाळा तीच. बदलला तो काटा.

आता पुन्हा कोयत्याकडे वळतो. विज्ञानाचे समाजशास्त्र ज्यांनी घडवले ते रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली एक निबंध लिहिला. ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्यालाच श्रेय मिळत जाते, लहानाचे कामही मोठ्याच्या नावावर चढते, असा त्याचा आशय. निबंध गाजला, त्याला अमाप उद्धरणे मिळाली. पण त्यातल्या मुलाखती आणि सामग्री हॅरिएट झुकरमन या संशोधिकेची होती. या निबंधावर आम्हा दोघांची नावे यायला हवी होती, अशी कबुली मर्टन यांनी १९७३ साली दिली. श्रेय कसे हिरावले जाते याविषयीच्या निबंधातच ते हिरावले गेले होते! कोयता एक, नाव एक. पुढे त्या दोघांचे लग्न झाले, हा निव्वळ योगायोग मानू.

आपल्या देशातले उदाहरण त्याहून बोचरे आहे. विभा चौधुरी यांनी कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर डोंगरावर छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील कणांचा माग काढला आणि १९४१-४२ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध केले. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या काचा मिळाल्या नाहीत, काम तिथेच थांबले. ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांनी त्याच रीतीने, सुधारलेल्या काचा वापरून, १९४७ साली पायॉन कण शोधला आणि १९५० साली नोबेल मिळवले. पॉवेल यांनी बोस-चौधुरींच्या कामाचा उल्लेख पुढे केला; म्हणजे उद्धरण मिळाले. चौधुरी १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा संस्थेतल्या पहिल्या स्त्री संशोधक झाल्या. नोबेल मिळाले नाहीच, आपल्या देशातल्या विज्ञान अकादमींनीही त्यांना सदस्यत्व दिले नाही. काचा न मिळणे ही गुणवत्तेतली उणीव धरायची का, हे गुणवत्तेच्या पुजाऱ्यांनी सांगावे.

काटा उशिरा हलतो, हीही गोष्ट आहे. स्टीव्हन वाइनबर्ग यांचा १९६७ चा निबंध पहिली तीन-चार वर्षे जवळजवळ कोणी उद्धृत केला नाही. पुढे तो या शास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक ठरला. पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहाहूनही कमी निबंध लिहिले. २०१३ साली नोबेल मिळाल्यावर ते म्हणाले, की आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती. आणि काही कामे इतकी मोठी होतात की काटाच त्यांना विसरतो. कणभौतिकीच्या निबंधात पानोपानी 'बोसॉन' हा शब्द येतो. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या निबंधाचे उद्धरण मात्र कोणी देत नाही. बाबासाहेबांचे 'अनायहिलेशन ऑफ कास्ट' हे न झालेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतःच्या खर्चाने छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गावोगाव ज्यांनी तो विचार हातोहात पोचवला, ते तळटिपा लिहिणारे लोक नव्हते. त्या परिणामाची नोंद कोणत्या सूचीत सापडणार?

आता आपल्या महाविद्यालयांकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या बढतीला गुणांकन लावले. निबंधाला गुण, परिषदेला गुण. ग्रामीण भागातला सहायक प्राध्यापक आठवड्याला १६ तास घेणार, परीक्षेचे काम, प्रवेशाचे काम, निवडणुकीचे काम करणार, आणि प्रयोगशाळेत उपकरण नसताना निबंधही देणार. मग बाजार उभा राहिला. पैसे घ्या, निबंध छापा. आयोगाने नियतकालिकांची मान्य यादी केली आणि २०१८ साली त्याच यादीतून ४,३०५ नावे काढून टाकावी लागली. पुढे दुसरी यादी आली. २०२५ मध्ये तीही बंद झाली. पैसे भरून निबंध छापणाऱ्या आपल्या बांधवांना मी निर्दोष म्हणणार नाही. आपण 'आमच्यावर अन्याय होतो' असेही म्हणायचे आणि त्याच खोट्या काट्यावर दगड घालून वजनही वाढवायचे, हे चालणार नाही. मात्र ज्याला प्रयोगशाळा दिली नाही त्याच्याकडे प्रयोगाचा निबंध मागणाऱ्यांचा दोष आधी मोजला पाहिजे.

आणि प्रयोगशाळेच्या दाराचे काय? केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी आरक्षण देणारा कायदा २००६ साली संसदेत झाला. त्याच्या कलम ४ मध्ये आणि परिशिष्टात काही संस्था वगळल्या आहेत. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, अहमदाबादची भौतिकी प्रयोगशाळा आहे. 'उत्कृष्टतेच्या संस्था' हे त्यांना दिलेले एक नाव. म्हणजे कणभौतिकीत उद्धरणे ज्या घरांत पिकतात, त्यांतल्या मोठ्या घरांनाच संशोधक विद्यार्थी घेताना या कायद्याचे बंधन नाही. मग बाहेर उभ्या असलेल्याला विचारायचे, तुमची उद्धरणे किती? पायरीवर येऊ न देता देवळातला प्रसाद का घेतला नाही म्हणून विचारण्याची आपली जुनी रीत आहे, ती अशी नव्या वेषात येते.

नाव लागण्याला काय किंमत असते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळल्या, माणसे मेली. म्हणून लेखकयादीत नाव असणे ही क्षुल्लक बाब आहे, असे कोणी आपल्याला समजावू नये.

ही बाब आता आपल्या दारात आली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभारायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विषय कणभौतिकीचा नाही, पण रीत तीच: या लहरींचा पहिला शोध जाहीर करणाऱ्या २०१६ च्या निबंधावर हजारावर लेखकांची नावे होती. औंढ्याहून निबंध निघू लागतील तेव्हा त्या यादीत जालना, परभणी, हिंगोलीच्या वस्त्यांतली नावे असतील, की आपली माणसे तिथे फाटकावर आणि स्वयंपाकघरातच असतील? लेखकयादी मसुदा छापताना बनत नाही; दहा वर्षे आधी, कोणाला घेतले आणि कोणाला शिकवले त्यावरून बनते. आपल्या विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या विभागांनी या वेधशाळेशी कोणता करार केला, किती विद्यार्थी पाठवले, हे विचारायला कार्यकर्त्याला पदार्थविज्ञान येण्याची गरज नाही.

विद्यार्थ्यांना एक माहिती द्यायची राहिली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी टंकलिखित प्रतींच्या जागी संगणकावरचे मुक्त भांडार सुरू केले. ते आज 'अर्काइव्ह' नावाने चालते. २०१४ पासून सर्नच्या पुढाकाराने या विषयातल्या बहुतेक प्रमुख नियतकालिकांचे निबंधही वाचकाला विनामूल्य मिळतात. जीवशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही सोय इतकी नाही. कणभौतिकीचा आज सकाळी जिनिव्हात टाकलेला निबंध अंकुशनगरला काही दिवसांतच वाचता येतो. टपालयादीची भिंत या एका विषयात पडली आहे. इंग्रजीची, गणिताची आणि वेळेची भिंत उभी आहे. ती पाडायला वर्ग लागतील, शिष्यवृत्ती वेळेवर लागेल, आणि तास कमी असलेले शिक्षक लागतील.

तो विद्यार्थी सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. मागच्या दिवाळीत घरी आला होता. त्याच्या नव्या निबंधावर तीन नावे होती. त्याचे दुसरे; तिसरे एका मुलीचे, जिने सारी आकडेमोड केली होती. मार्गदर्शकांनी ते नाव आधी आभारात टाकले होते. याने भांडून ते वर लेखकांत आणले. "सर, वहीत नाव एकच कशाला?" एवढेच तो म्हणाला.